आठवड्यातून एकदा, म्हणजे कोणत्या वारी?

घोडबंदर रोडवरच्या चेणे गावात राहणाऱ्या माणसाचं दुखणं दोन दिशांना विखुरलेलं असतं. मोठे डॉक्टर गायमुखचा घाट ओलांडून ठाण्याला, आणि औषधाचं दुकान, रक्त तपासायची लॅब काशिमीरा-मीरा रोडकडे. घोडबंदर रोडवर एकदा गाड्या तुंबल्या की ठाण्यात औषधासाठी थांबायला कोणी तयार नसतं. ‘घराजवळ घेऊ’ म्हणून निघायचं. त्यामुळे चिठ्ठी लिहिणारा आणि गोळी देणारा यांची कधी गाठच पडत नाही. दोघांमध्ये उरतो तो एक कागद.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमवात आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. जुनं, स्वस्त आणि गुणकारी औषध. मात्र आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चिठ्ठीवर घाईच्या इंग्रजी अक्षरांत ‘ओडब्ल्यू’ लिहिलं होतं, म्हणजे आठवड्याला एक. दुकानातल्या मुलाने ते ‘ओडी’ वाचलं, म्हणजे रोज एक, आणि पाकिटावर नेहमीच्या सवयीने ‘१–०–०’ लिहून दिलं. सोबत फॉलिक ॲसिड होतं. तीही गोळी पिवळी, तीही तशीच लहान.

जाऊबाई औषधाला काटेकोर. रोज सकाळी चहानंतर गोळी, न चुकता. त्या थोड्या विसरभोळ्या असत्या तर कदाचित कमी भोगावं लागलं असतं, या विचाराने मला आजही कसंतरी होतं. आधी तोंड आलं. मऊ भातही गिळवेना. उष्णता झाली म्हणून घरात गुलकंद दिला गेला. मग ताप चढला. मी औषधांचा डबा उघडून पाहिला तेव्हा पट्टी जवळजवळ रिकामी होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरल्या होत्या. रुग्णालयात दाखल करावं लागलं, फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं द्यावी लागली. त्या वाचल्या.

घरात सगळे त्या मुलावर उखडले. पुतण्या दुकानात भांडायलाच निघाला होता. माझी सगळी नोकरी वॉर्डात परिचारिका म्हणून झाली, म्हणून मी चिठ्ठी आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसले. डॉक्टरांनी रोज लिहितात तसं लिहिलं. मुलाने रोज वाचतो तसं वाचलं. जाऊबाईंनी सांगितलं तसं केलं. ठाण्यापासून आमच्या फळीवरच्या डब्यापर्यंत ही चूक जिथे अडली असती अशी एकही जागा नव्हती. त्या मुलाला काढून टाकलं असतं तर दुसरा मुलगा त्याच गल्ल्यावर उभा राहिला असता, तेच अक्षर वाचत.

माणसाला शिक्षा करून थांबायचं, हे इतरत्रही होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये कळव्यातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात कोविडची लस घ्यायला आलेल्या एका माणसाला रेबीजची लस टोचली गेली. तो चुकीच्या रांगेत उभा होता आणि सुई टोचण्याआधी त्याचा केसपेपर वाचला गेला नाही. परिचारिकेला निलंबित केलं. त्याच वर्षी ३१ जानेवारीला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात १२ लहान मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर गेलं. मुलं बरी झाली. तिथेही कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. हलगर्जीपणाला शिक्षा व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण दोन लशींच्या रांगा एकाच ठिकाणी का होत्या, सॅनिटायझरची बाटली थेंबांच्या टेबलापाशी का होती, हे विचारल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही.

आमच्या रुग्णालयातल्या ऑपरेशन थिएटरात एक गोष्ट मला फार आवडायची. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड यांचे छोटे सिलिंडर जोडतात. प्रत्येक वायूच्या जोडावर दोन खिळे असतात आणि त्यांच्या जागा वेगळ्या असतात. ऑक्सिजनच्या जागी दुसरा सिलिंडर लावायला गेलं तर तो बसतच नाही. रात्रीचे तीन वाजलेले असोत, माणूस नवीन असो, दमलेला असो. ‘नीट लक्ष द्या’ अशा पाट्या भिंतीवर पुष्कळ पाहिल्या. या दोन खिळ्यांची सर एकीलाही आली नाही. वॉर्डातही तसंच. पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनच्या कुप्या इतर कुप्यांसारख्याच दिसतात, पण त्यांतलं औषध पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. त्यांना नेहमीच्या कपाटात जागाच द्यायची नाही, हा खरा उपाय.

दुकानाच्या मालकांशी मी शांतपणे बोलले. त्यांनी मनावर घेतलं. आता मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ‘१–०–०’ लिहीत नाहीत, ‘फक्त रविवारी’ असं मराठीत लिहितात. महिन्याच्या मोजून चार गोळ्या देतात, म्हणजे गैरसमज झालाच तर नुकसान तेवढ्यावर राहतं. पट्टी कापली की कधी कधी नाव आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर जाते, म्हणून तेही पाकिटावर उतरवून घ्यावं लागतं. शेवटी मुलगा विचारतो, ‘आजी, सांगा बघू, घरी कशी घेणार?’ एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उघड होतात.

तुमच्या घरी आमवाताचं किंवा सोरायसिसचं हे औषध चालू असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नाव आणि कशासाठी ते औषध आहे हे लिहून घ्या. औषधाची नावं स्पष्ट, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असं वैद्यकीय परिषदेने २०१६ सालीच सांगितलं आहे, तेव्हा मागायला संकोच नको. फॉलिक ॲसिड वेगळ्या डब्यात ठेवा. ठाणे असो वा मीरा रोड, सगळ्या डॉक्टरांसमोर औषधांची एकच यादी जाऊ द्या. रुग्णालयातून घरी सोडताना जुनी यादी आणि नवी यादी ओळीने ताडून पाहा; कोणतं बंद, कोणतं नवीन, तिथेच विचारा. आणि परिचारिका भगिनींनो, ‘तुम्ही शांताबाई ना?’ असं विचारू नका. गुंगीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचं नाव काय?’ विचारा आणि हातावरच्या पट्टीशी जुळवा.

गोळी रोज घेतली गेली असं कळलं तर तोंड येण्याची वाट पाहू नका. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, सोबत न्या आणि दारातच सांगा: आठवड्याचं मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलंय.