तिसऱ्या मजल्यावरची सायकल

मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सायकल चालवता येत असेल. पण डांबरी रस्त्यावर सायकल चालवणे वेगळे आणि माती, खडी, झाडांची मुळे यांच्यावरून ती नेणे वेगळे. डोंगरातल्या किंवा रानातल्या अशा कच्च्या वाटेला 'ट्रेल' म्हणतात. मुंबईतली अनेक मुलेमुली सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून अशा वाटांच्या शोधात निघतात. एक दिवस ती रानात असतात. उरलेले सहा दिवस सायकल घरी असते. आणि घर जर वरळीच्या बीडीडी चाळीत असेल, तर खरी कसोटी त्या सहा दिवसांतच लागते.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या सरकारी खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून त्या २०७ होत्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत चूल, पलंग, कपाट, अभ्यास आणि पाहुणे, सगळे मावायचे.

आता थोडे गणित करा. सायकल सुमारे सहा फूट लांब असते आणि तिचे हँडल दोन फूट रुंद. म्हणजे तिला १२ चौरस फूट जागा लागते. हा खोलीचा जवळजवळ तेरावा भाग झाला! आई "ती सायकल आधी बाहेर काढ" असे म्हणते, तेव्हा तिचे काही चुकत नाही.

बाहेर म्हणजे कुठे? खाली अंगणात ठेवली तर चोरीची भीती. मजल्यावरच्या बोळात ठेवली तर शेजाऱ्यांची बोलणी. ही बोलणीही उगाच नसतात. रात्री एखाद्या आजारी माणसाला उचलून खाली न्यायचे असेल किंवा कुठे आग लागली असेल, तर त्याच बोळातून साऱ्या मजल्याला पळावे लागते. अंधारात सायकलीच्या पेडलला पाय अडकून एक जण पडला, की मागचे दहा जण अडतात. म्हणून चाळीतले जाणते सायकलस्वार भिंतीत मजबूत खुंटी ठोकतात आणि सायकल पुढच्या चाकाने उभी टांगतात. खाली पुन्हा माणसांना बसायला जागा राहते.

सायकल जिन्याने वर न्यायची तीही रीत आहे. 'जिना' हा शब्द तुमच्या ओळखीचाच. फारसीतला 'ज़ीना' उर्दूत आला, तसा मराठीतही आला. सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा आणि सांगाड्याच्या त्रिकोणात उजवा खांदा घाला. साखळी उजवीकडे असते, त्यामुळे तेलाचे काळे डाग शाळेच्या सदऱ्यावर पडत नाहीत. रोज तीन मजले असे चढणाऱ्याला डोंगराच्या चढाचे फारसे भय वाटत नाही, हा एक फायदाच म्हणायचा.

वरळीत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. समुद्र जवळ असल्यामुळे वाऱ्याबरोबर मीठ येते आणि साखळी, तारा, ब्रेकची केबल यांना लवकर गंज चढतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. यावर महागडा उपाय लागत नाही. कोरड्या फडक्याने साखळी पुसावी, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. काही जण साखळी तेलाने न्हाऊ घालतात. मग त्या तेलाला धूळ चिकटते आणि साखळी अधिकच झिजते.

आता बाहेर पडू या. वरळीहून वांद्र्याला जाणारा सागरी सेतू २००९ साली सुरू झाला. त्याची लांबी ५.६ किलोमीटर, आणि चाळीपासून तो फार दूर नाही. पण त्यावर सायकलला मनाई आहे. २०२४ साली सुरू झालेल्या किनारी रस्त्यावरही तसेच. म्हणून सायकलस्वाराला दादर, माहीम करत वांद्र्याला जावे लागते आणि पुढे स्वामी विवेकानंद मार्गाने बोरिवली गाठावी लागते. हे अंतर २५ किलोमीटरांहून अधिक आहे. उजाडण्याच्या सुमारास निघावे, मागे लाल दिवा असावा आणि बरोबर मोठे माणूस असावे. एवढ्या गर्दीतून सायकल नेण्यात काही शौर्य आहे असे मला वाटत नाही. लोकलने जावे आणि तिथे भाड्याने सायकल घ्यावी, हेही चांगलेच.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे आहे. इतक्या मोठ्या शहराला लागून इतके मोठे जंगल जगात क्वचितच सापडेल. प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत सुमारे ६ किलोमीटर रस्ता झाडांतून चढत जातो. तिथे खडकात कोरलेली शंभराहून जास्त लेणी आहेत. आडवाटा दिसल्या, की मोह होतो. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय रस्ता सोडून आत शिरू नये. ते बिबट्याचे घर आहे. आपण तिथले पाहुणे. तिन्हीसांजेच्या आत बाहेर पडावे.

चढताना दम लागतो, पण धोका असतो उतारावर. ब्रेक दाबला की शरीराचा भार पुढे सरकतो. म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो, आणि तोच एकदम जोरात दाबला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मातीवर किंवा बारीक खडीवर पुढचे चाक घसरते, ते वेगळेच. तेव्हा वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात नाही. बसल्या जागी थोडे मागे सरकावे, दोन्ही पेडल एका रेषेत ठेवावीत, दोन्ही ब्रेक हलके दाबावेत आणि सोडावेत. चाक ओले असेल तर ब्रेकचे रबर आधी पाणी पुसते आणि मग पकडते. त्यामुळे पावसात सायकल उशिरा थांबते. हा सराव जंगलात जाऊन करायचा नसतो. चाळीजवळचे जांबोरी मैदान सकाळी मोकळे असले, तर तिथल्या मातीवर करावा. घरून निघण्यापूर्वी ब्रेकचा दांडा दाबून पाहावा. तो हँडलला टेकत असेल तर केबल सैल झाली आहे; त्या दिवशी सायकल खुंटीवरच राहू द्यावी.

हवेचेही तसेच. मातीवर पकड यावी म्हणून टायरमध्ये हवा जरा कमी ठेवतात. फार कमी ठेवली तर दगडावर आपटताच ट्यूब दगड आणि चाकाची कडा यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. मग ट्यूब काढून, तिच्यात हवा भरून ती पाण्यात बुडवावी. बुडबुडे येतील ती जागा पुसावी, पॉलिश पेपरने घासावी, सोल्यूशन लावावे आणि ते सुकू द्यावे. घाईत ओल्या सोल्यूशनवरच ठिगळ दाबणारे पुष्कळ. ते ठिगळ अर्ध्या वाटेत सुटते.

वरळीच्या जुन्या चाळी आता एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली. सायकल आता खांद्यावरून नाही, लिफ्टमधून वर जाईल. पण चिखलाची चाके लिफ्टमध्ये आणली तर तिथेही बोलणी बसणारच, आणि नव्या इमारतीतही बोळ सगळ्यांचाच असतो. तेव्हा रानातून आल्यावर खालीच थांबा. अर्धी बादली पाणी आणि एक जुने फडके पुरते. आधी चाके, मग साखळी, शेवटी स्वतःचे बूट.