सेन्सर बदलायच्या आधी

रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटच्या कारखान्यात इंजिनं बनतात, २०१७ पासून जीप कंपासही बनते. त्याच नगर रोडवर गॅरेज चालवणाऱ्या आपल्या पोरांना टायमिंगचा सेन्सर पक्का समजलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अनुभवातून शिकलेलं सांगतो.

१. तत्त्व समजून घ्या. १८७९ साली अमेरिकेत एडविन हॉल यांनी सोन्याच्या वर्खातून वीज सोडली आणि वर्ख चुंबकाच्या क्षेत्रात धरला. वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज मिळालं. आजच्या हॉल सेन्सरमध्ये सोन्याऐवजी अर्धवाहकाची चिप असते, पाठीशी चुंबक. कॅमशाफ्टच्या चाकावरचा दात समोरून गेला की क्षेत्र बदलतं आणि सिग्नल खाली-वर होतो.

२. क्रँक आणि कॅमचं काम वेगळं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. पिस्टन वर आला, हे क्रँक सेन्सर सांगतो. तो कॉम्प्रेशनला आलाय की एक्झॉस्टला, हे कॅम सेन्सर. बऱ्याच गाड्यांत क्रँकच्या चाकावर ६० पैकी २ दात गाळलेले असतात. तीच मोकळी जागा ईसीएमची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, खूण. ३००० आरपीएमला इंजिन १ अंश फिरतं ते सेकंदाच्या १८,०००व्या भागात. स्पार्कची वेळ इतक्या बारकाईनं सांभाळायची असते.

३. हॉल सेन्सरला ओहम लावू नका. कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो. हॉलच्या आत सर्किट असतं. ओहमवरून निदान होत नाही, उलट सेन्सर बिघडू शकतो. कपलर जोडलेलाच ठेवा, इग्निशन ऑन करा, मागून पिन लावा. आधी सप्लाय बघा, मग अर्थ, मग सिग्नल. पुली पान्यानं हळूहळू फिरवा. दात येताना-जाताना मीटरवरचं व्होल्टेज उडी मारतं. इतक्या संथ फेऱ्यालाही सिग्नल देणं, हाच हॉलचा मोठा गुण.

४. कोड म्हणजे निकाल नव्हे. पी ०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. दोष कपलरमधल्या तेलात असेल, नाहीतर उंदरानं कुरतडलेल्या वायरीत. पी ००१६ आला तर क्रँक-कॅमचा मेळ तपासा. चेन ताणलेली असू शकते.

५. गरम असतानाच तपासा. तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर चालू होणारी गाडी गार इंजिनावर तपासून उपयोग नाही.

आपलं गिऱ्हाईक बहुतेक शिफ्टला जाणारा कामगार. पार्टचे पैसे त्याच्या पगारातून जातात. आधी मीटर लावा, मगच पार्ट मागवा.