वाळुंजीचा काढा आणि वाया गेलेले तीन दिवस

रोवणीचे दिवस होते. भामरागड तालुक्यातल्या एका गावी मी मामांकडे गेलो होतो. दुपारी अचानक हुडहुडी भरली. दोन गोधड्या पांघरूनही दात वाजत होते. मामांनी नाल्याकाठच्या वाळुंजीची साल आणून उकळली. तांबूस, तुरट-कडू पाणी. "कडू हाये, पन ताप उतरते," ते म्हणाले. आणि उतरला! संध्याकाळी दरदरून घाम फुटला, मी भातही जेवलो. पुढचे दोन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी मी बरळू लागलो.

आशाताईंनी बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. वीस मिनिटांत फाल्सिपेरम मलेरियाची रेघ उमटली. ट्रॅक्टरवर घालून मला रुग्णालयात नेलं, आर्टेसुनेटच्या इंजेक्शनांनी वाचलो.

मग ताप उतरत होता तो कसा? मलेरियाचा ताप थंडी, ताप, घाम असाच चढतो आणि आपणहून उतरतो. श्रेय मात्र आम्ही सालीला दिलं. साल अगदीच निर्गुणी नाही. वाळुंज हे विलो कुळातलं झाड, आणि या कुळातल्या झाडांच्या सालीत सॅलिसिन असतं. शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं. ॲस्पिरिन याच आम्लापासून बनतं. ठणका, ताप त्याने थोडा कमी होतो, पण रक्तातला मलेरियाचा परजीवी मरत नाही.

इंग्लंडमधले पाद्री एडवर्ड स्टोन यांनी 1763 मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं होतं, की विलोच्या सालीची पूड त्यांनी सुमारे 50 हिवतापाच्या रोग्यांना दिली. ताप दलदलीतला, झाडही दलदलीतलं, म्हणून उतारा तिथेच असणार, असं त्यांना वाटलं. मामांनाही नेमकं तेच वाटलं होतं. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात आजही किंतु नाही.

गुडघे दुखतात म्हणून कोणी हा काढा घेत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावं. पोटात अल्सर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर घेऊच नये. डेंग्यूतही हा काढा नको, रक्तस्रावाची भीती असते. तापलेल्या लेकराला तर थेंबभरही देऊ नका. ॲस्पिरिनच्या जातीच्या औषधाने मुलांच्या यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ताप आला, की त्याच दिवशी रक्त तपासा. घाम येऊन उतरला, तरी तपासा. आशाताईंकडे ही तपासणी फुकट होते.