हिरवळ कापण्याच्या जुन्या यंत्राचे मूल्य

धान्याच्या व्यापारात मूठभर नमुना हातात घेतला की भाव सांगता येतो, कारण तशाच मालाची शेकडो पोती त्या दिवशी बाजारात आलेली असतात. जुन्या वस्तूंचे तसे नाही. भावाभावांची वाटणी होताना, किंवा जुना बंगला सामानासह विकत घेतल्यावर, अडगळीतून कधी कधी हिरवळ कापण्याचे विलायती लोखंडी यंत्र बाहेर पडते. एक जण ते मोडीत काढावे म्हणतो. दुसऱ्यास त्यात ठेवा सापडल्यासारखे वाटते. आणि अखेर मने कलुषित होतात. अशा प्रसंगी मूल्य कसे ठरवावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

इंग्लंडातील स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे गाव. कापडावर उभे राहिलेले तंतू फिरत्या पात्यांनी कातरणारे यंत्र तेथे वापरात होते. तीच युक्ती गवतास लावून एडविन बडिंग ह्याने १८३० साली पेटंट मिळविले. पुढे नांगर तयार करणाऱ्या इप्सविचच्या रॅन्सम पेढीने परवाना घेऊन ही यंत्रे बनविली. स्कॉटलंडातील शँक्स ह्यांची मोठी यंत्रे तट्टू ओढीत असे, आणि हिरवळीवर टापा उमटू नयेत म्हणून त्या तट्टास चामड्याचे जोडे घालीत! लीड्सच्या टॉमस ग्रीन ह्यांनी १८५९ साली साखळीवर चालणारे यंत्र काढले. त्याचे नाव ‘सायलेन्स मेसर’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘मुका कापणीवाला’. रॅन्समचे पेट्रोलवर चालणारे यंत्र १९०२ साली आले, आणि ‘ॲट्को’ १९२१ साली.

आता मुख्य मुद्दा. केवळ वयावरून किंमत ठरत नाही. बडिंगच्या काळातील यंत्र हाती लागणे अतिदुर्मिळ. परंतु विसाव्या शतकातील हाताने ढकलण्याची यंत्रे इतकी बनली की त्यांचे जुनेपण फारसे कोणी विकत घेत नाही. पाटीवरील नावानेही फसू नये. ‘सायलेन्स मेसर’ हे नाव अनेक दशके चालू होते. त्यापेक्षा ओतीव लोखंडावरील नोंदणीची खूण शोधावी. चौकट तिरपी उभी केल्यासारखी खूण असेल, तर त्या आकृतीची नोंदणी १८४२ ते १८८३ ह्या काळातील. इंग्रजी ‘आरडी’ अक्षरांपुढे क्रमांक असेल, तर १८८४ वा त्यानंतरची. मात्र नोंदणीनंतरही तोच साचा पुष्कळ वर्षे वापरलेला असू शकतो.

मग यंत्र पुरे आहे काय ते पाहावे. पात्यांचे नळकांडे, खालचे स्थिर पाते, रूळ, लाकडी मुठी आणि गवत साठविण्याची पेटी. ही पेटी पातळ पत्र्याची असल्याने बहुधा तीच आधी नाहीशी होते, आणि म्हणूनच ती असली तर भाव वाढतो. गंजाने पाती अडकली असतील तर तो मोठा दोष नव्हे. तेल मुरवून ती बहुधा सुटतात. ओतीव भागास गेलेला तडा मात्र महाग पडतो. आणि कृपा करून रंग देऊ नये! मूळ रंग, त्यावरील सोनेरी रेघा व पेढीचे नाव हेच संग्राहक पाहतो. नोकराकडून काळा रंग फासून घेतला की अर्धा पुरावा गेला.

ह्यानंतर भावाची चौकशी. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. लिलावात प्रत्यक्ष कितीस सौदा तुटला ते पाहावे, आणि त्यातून लिलावदाराची दलाली वजा करावी. ह्या यंत्रांचे शौकीन मुख्यतः ब्रिटनमध्ये आहेत. तेथे त्यांची संस्था आहे आणि साउथपोर्ट येथे केवळ ह्याच यंत्रांचे संग्रहालय आहे. परंतु तेथील भाव जसाच्या तसा येथे धरू नये. वजनदार लोखंडाचे जहाजभाडे मोठे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा गिऱ्हाईक येथेच शोधावे लागणार, आणि येथे ते थोडे आहेत.

वाटणीत मोडीचा भाव ही खालची मर्यादा समजावी, आणि यंत्र ज्यास हवे त्याने तीवर काय द्यावे हे एखाद्या जाणत्या तिऱ्हाइतास विचारून आधीच कागदावर लिहून ठेवावे. पुढे ते जास्त किमतीस विकले गेले तर वाढाव्यात इतरांचा हिस्सा असावा की नसावा, तेही त्याच कागदावर नमूद करावे.