किडीच्या अंगावरील वलयें कशीं पडतात?

हरभऱ्यावरील घाटेअळी हातावर घेऊन पाहिली, तर तिचें अंग वलयांचें बनलेलें दिसतें. डोक्यामागील तीन वलयांस खरे पाय असतात. पोटाखालचे मांसल पाय केवळ पान धरण्यापुरते होत. हीं वलयें अंड्यांतच पडतात. तीं कशीं पडतात, हें या लेखांत आम्ही सांगणार आहों.

या प्रश्नाचा उलगडा पिकल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणाऱ्या चिलटावर झाला. (आंब्याची फळमाशी ती निराळी.) जर्मनींतील हायडेलबर्ग येथें क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड व एरिक वीशाउस यांनीं वलयांत बिघाड करणारीं १५ जनुकें शोधून १९८० सालीं प्रसिद्ध केलीं. १९९५ सालीं त्यांस एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

हें काम पायरीपायरीनें चालतें.

(१) माता अंड्याच्या पुढील टोकास 'बायकॉइड' जनुकाचा संदेश ठेवते. त्यापासून होणारें द्रव्य पुढें दाट व मागें विरळ असतें. तें नसेल तर अळीस डोकें व छाती येत नाहीं.

(२) त्यानंतर गर्भाचीं स्वतःचीं जनुकें रुंद पट्टे आंखतात. यांतील एखादें बिघडल्यास लागोपाठचीं अनेक वलयें गळतात.

(३) पुढच्या गटाचे सात-सात पट्टे उमटतात. येथें बिघाड झाल्यास एकाआड एक वलय नाहींसें होतें.

(४) शेवटीं प्रत्येक वलयाची पुढची व मागची बाजू ठरते.

कोणत्या वलयास पंख व कोणत्यास पाय, हें निराळीं जनुकें ठरवितात. लुईस यांनीं त्यांत फेर असलेली चार पंखांची माशी तयार केली होती. मात्र सर्व कीटकांची रीत एक नाहीं. पिठांतील तांबड्या भुंगेऱ्यांत पुढचीं वलयें आधीं पडतात व पोटाचीं मागाहून एकेक वाढत जातात.

शेतकऱ्यास याचा उपयोग काय? पोटाच्या वलयांस पाय फुटूं न देणें, हेंही अशाच जनुकांचें काम आहे. फुलपांखरांच्या गर्भांत तीं पोटावर ठराविक जागीं बंद पडतात व तेथें मांसल पाय फुटतात. पतंगवर्गाच्या अळीस अशा पायांच्या बहुधा पांचांहून अधिक जोड्या नसतात. मोहरी व मुळ्याचीं पानें खाणाऱ्या करवती माशीच्या काळ्या अळीस मात्र आठ असतात. ती गांधीलमाशीच्या गोतांतील आहे. पतंगांच्या अळ्यांसाठीं विकली जाणारी बॅसिलस जिवाणूची भुकटी तिला मारीत नाहीं. फवारणीचा पैसा फुकट जातो व पानें मात्र खाल्लीं जातात. म्हणून औषध आणण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं एक अळी उलटी धरून तिच्या पायांच्या जोड्या मोजाव्या, अशी आमची सूचना आहे.