पाणबुडीला दागिने चढवू नका

‘काम कमी दिसतं.’ पाणबुडीच्या मॉडेलला मिळणारा हा ठरलेला शेरा. जिल्ह्याबाहेरच्या एका प्रदर्शनात तो मलाही मिळाला. त्याचा राग अजून उतरलेला नाही आणि हे लिहिण्यामागे तो राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण राग बाजूला ठेवला तरी माझं म्हणणं बदलत नाही. असे शेरे देणाऱ्यांची पद्धत बघण्यासारखी असते. रणगाडा, विमान यांच्या मॉडेलवर मोजायला पुष्कळ असतं. तीच सवय घेऊन ते पाणबुडीपुढे उभे राहतात आणि त्यांना एक काळी, लांबट, गुळगुळीत वस्तू दिसते. मग ज्याने पत्र्यांच्या जोडांच्या रेघा खोल कोरल्या, सगळे मास्ट वर काढले, टॉर्पेडोची दारं उघडी ठेवली आणि वरून कठडेही लावले, त्याला बक्षीस. ही बोट कोणती आणि कोणत्या सालची, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

जास्त तपशील म्हणजे अचूक तपशील नव्हे. ठरावीक बोटीवर ठरावीक दिवशी जे होतं ते दाखवायचं आणि जे नव्हतं ते गाळायचं, याला अचूकपणा म्हणतात. पाणबुडीच्या बाबतीत गाळण्याचंच काम जास्त, कारण पाण्याखाली आवाज होऊ नये, वेग मारला जाऊ नये म्हणून तिच्या अंगावरचं जे जे आत घेता येतं ते आत घेतलेलं असतं. तिचा गुळगुळीतपणा मुद्दाम, पैसे मोजून आणलेला आहे. मॉडेलवर तो बिघडवून ‘काम’ दाखवणं म्हणजे बोट न समजल्याची कबुली.

आपल्याकडे घोळ नावापासूनच सुरू होतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्या नौदलात आल्या: कलवरी २०१७ मध्ये, खांदेरी २०१९ मध्ये, करंज आणि वेला २०२१ मध्ये, वागीर २०२३ मध्ये आणि वागशीर २०२५ मध्ये. ही सहाही नावं त्याआधी सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट बोटींची होती. जुनी कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली. जुनी वेला १९७३ ची, ती २०१० मध्ये निवृत्त झाली. फॉक्सट्रॉट ९१.३ मीटर लांब आणि मागे तीन पंखे, स्कॉर्पीन ६७.५ मीटर आणि पंखा एकच. नुसतं नाव टाकून फोटो शोधले की दोन्ही पिढ्या एकाच ढिगात येतात. क्रमांक तर त्याहून फसवे. जुनी कलवरी एस २३ आणि जुनी करंज एस २१; नव्या जोडीत कलवरी एस २१ आणि करंज एस २३. खांदेरी मात्र दोन्ही वेळा एस २२. आमच्या कोकणातल्या पोरांना खांदेरीच करायची असते, थळसमोरच्या १६७९ सालच्या किल्ल्याचं नाव म्हणून. आणि नेमकं तिथेच क्रमांकावरून पिढी ओळखता येत नाही. म्हणून संदर्भाच्या वहीत फोटो चिकटवताना प्रत्येकाखाली साल लिहा. साल सापडत नसेल तर तो फोटो वापरू नका, कितीही स्वच्छ असला तरी.

जर्मन २०९ जातीचंही तसंच. २०९ ही एकच बोट नव्हे. तिचा ११०० नमुना साधारण ५४ मीटरचा, तर आपल्या शिशुमार, शंकुश, शल्की आणि शंकुल या १५०० नमुन्याच्या, ६४.४ मीटर लांबीच्या. १/३५० प्रमाणात हा फरक जवळजवळ ३० मिलिमीटर होतो, म्हणजे १५५ आणि १८४. शिवाय आपल्या बोटींत खलाशांच्या सुटकेसाठी खास गोल कक्ष बसवलेला आहे, तो सगळ्या २०९ मध्ये नसतो. लांबीच चुकलेल्या बोटीवर बारीक कलाकुसर करण्यात काय हशील? किट घेण्याआधी पेटीवरचा नमुना वाचा आणि पट्टी लावून मोजा.

आता प्रमाणाचं गणित, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. १/३५० च्या मॉडेलवर ०.२ मिलिमीटरची रेघ कोरली, तर खऱ्या बोटीवर ती सात सेंटीमीटरची फट झाली. अशी पाणबुडी बुडेल जरूर, वर मात्र येणार नाही. शिवणाचा साधा दोरा ०.३ मिलिमीटर धरला, तर कठड्याची तार साडेदहा सेंटीमीटर जाड ठरते. माणसाचा केससुद्धा याच प्रमाणात सुमारे अडीच सेंटीमीटरचा. म्हणून तार दाखवायचीच असेल तर किटची उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करा आणि ज्योतीपासून बाजूला घेऊन हळूहळू ओढा; केसाहून बारीक तंतू निघतो. तो कात्रीने कापू नका, टोक चेपतं. नवं ब्लेड वापरा. फॉक्सट्रॉटच्या अंगावर पाणी आत-बाहेर होण्यासाठी खाचांच्या रांगा आहेत, त्या मात्र हव्यातच. पण अर्ध्या मिलिमीटरचं बिट १/३५० वर साडेसतरा सेंटीमीटरचं भोक पाडतं, हे हिशेबात धरा. कवचाचे दोन भाग जोडण्याआधी आतली बाजू काळी रंगवा, नाहीतर खाचांतून पांढरं प्लास्टिक डोकावतं आणि पुढे काही करता येत नाही. बाहेरचा रंग मात्र निव्वळ काळा नको. किंचित राखाडी मिसळला तरच आकार डोळ्याला दिसतो.

बोट कुठे आहे हेही आधी ठरवा. बंदरात उभ्या बोटीवर कठड्याचे खांब, दोऱ्या, झेंडा, येण्याजाण्याची फळी हे सगळं असू शकतं. तीच बोट बुडी मारायला निघाली की यातलं सगळं काढलं किंवा आत घेतलं जातं. खाली राळेचा निळा समुद्र, बोट अर्धी पाण्यात शिरलेली आणि वर कठडे तसेच, अशी मॉडेलं मी बक्षीसपात्र ठरलेली पाहिली आहेत. याला काय म्हणावं!

यावर एक आक्षेप नेहमीचा: पाणबुडी गुप्तच असते, खरं-खोटं कोण तपासणार? गुप्त आहे म्हणजे मनाने काहीही लावायला मोकळीक मिळाली, असं नव्हे. उलट, जे ठाऊक नाही ते न दाखवण्याची सोय शोधावी लागते, आणि ती आहे. जलावतरणाच्या वेळी पाणबुडीचा पंखा सहसा कापडाने झाकलेला असतो, कारण पात्यांच्या आकारावरून आवाजाचा अंदाज बांधता येतो. तेव्हा स्कॉर्पीन जलावतरणाच्या दिवशीचीच करावी: टिश्यूपेपरचा तुकडा पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून पंख्यावर गुंडाळायचा, वाळला की रंगवायचा. अंदाजाने कापलेल्या पात्यांपेक्षा ते जास्त खरं. किंवा पाण्याच्या रेषेपासून वरचीच बोट करा. २०१६ मध्ये स्कॉर्पीनची २२,४०० पानांची कागदपत्रं फुटल्याच्या बातम्या आल्या होत्या. असल्या गोष्टींच्या मागे लागू नका. गोदीच्या आसपास मोबाइल काढून फोटो घेण्याचा शहाणपणाही नको. नौदलाने स्वतः प्रसिद्ध केलेले फोटो पुरतात.

‘मग विशाखापट्टणमला कुरसुरा आहे की, जाऊन बघा,’ असंही सांगितलं जातं. जरूर बघा. ती १९६९ ची फॉक्सट्रॉट, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. पण आत जायला-यायला कवचात कापलेले दरवाजे, खालचा काँक्रीटचा आधार आणि आजचा रंग हे संग्रहालयाचं आहे, बोटीचं नव्हे. फिनचा, म्हणजे पाठीवरच्या उंच भागाचा आकार, पंख्यांची जागा, खाचांची मांडणी यासाठी तिच्यासारखा पुरावा नाही. तेवढंच घ्यावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. आमच्या सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय आहे, त्यामुळे इथे तो लगेच समोर येतो: ही कला आहे, डोळ्याला दिसावं म्हणून थोडं वाढवायला काय हरकत? काहीच हरकत नाही. शिल्पकार उंचावर बसवायच्या पुतळ्याची मापं बदलतो, तो ते जाणून करतो. मॉडेल करणाऱ्यानेही जे होतं ते थोडं ठळक करावं, माझी ना नाही. जे नव्हतंच ते लावणं ही वेगळी गोष्ट. आणि तसं केलंच, तर ‘कल्पनेवर आधारित’ अशा वेगळ्या विभागात ठेवावं. अचूकतेचे गुण घेऊ नयेत.

बाकी नेहमीचं: घाई करू नका, सुकलेल्या भागावरच पुढचा हात द्या, चांगल्या उजेडात काम करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लॅकर फवारू नका, दमट हवेत तो पांढरट पडतो. मॉडेलसमोर एक कार्ड ठेवा. त्यावर बोटीचं नाव, साल, बंदरात की समुद्रात आणि प्रमाण, एवढंच लिहा. परीक्षकांनाही विनंती आहे: ते कार्ड वाचल्याशिवाय गुणपत्रिकेला हात लावू नका.