वाडी तीच, पत्ता नवा

इंग्लंडच्या वायव्य भागात ‘लेक डिस्ट्रिक्ट’ हा डोंगरांचा व सरोवरांचा प्रदेश आहे. तेथे वॉसडेल हेड नावाची एक छोटी वाडी आहे. वाडीत जाणारी सडक एकच. ती तेथेच संपते. पुढे फक्त पाऊलवाटा.

वाडीच्या तीन बाजूंना डोंगर आहेत. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक (९७८ मीटर) येथून जवळच आहे. खालच्या बाजूला वॉस्टवॉटर हे इंग्लंडमधील सर्वांत खोल सरोवर आहे. येथे पाऊस फार पडतो. जमीन खडकाळ आहे. शेतकऱ्यांनी शेतातील दगड वेचले व त्यांचेच जाड बांध घातले. डोंगरउतारावर हर्डविक जातीच्या मेंढ्या चरतात.

वाडीत एक लहानसे चर्च आहे. एका मुख्य चर्चच्या हद्दीला ‘पॅरिश’ म्हणतात. वॉसडेल हेड हे पूर्वी दूरच्या सेंट बीज पॅरिशमध्ये मोडत असे. येथील चर्चला दफनाचा अधिकार नव्हता. वाडीत कोणी वारले, की शव घोड्यावर बांधून, बर्नमूरच्या उजाड माळावरून शेजारच्या एस्कडेल खोऱ्यात न्यावे लागे. एकदा धुक्यात घोडा शवासह नाहीसा झाला, अशी दंतकथा लोक सांगतात. पुढे वाडीतच दफनभूमी झाली. १९०३ साली स्कॉफेलवरून पडून मरण पावलेल्या चार गिर्यारोहकांपैकी तिघांना तेथेच पुरले आहे.

आपल्याकडे जिल्हा असतो, तशी इंग्लंडमध्ये काउंटी असते. ही वाडी शतकानुशतके कंबरलंड काउंटीत होती. १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झाले व वाडी त्यात आली. १ एप्रिल १९७४ रोजी कंबरलंड, वेस्टमोरलंड आणि शेजारचे काही भाग मिळून कंब्रिया काउंटी झाली. १ एप्रिल २०२३ रोजी कंब्रियाची काउंटी परिषद बंद झाली. तिच्या जागी दोन परिषदा आल्या. वाडी ज्या परिषदेत गेली, तिचे नाव कंबरलंड! जुने नाव असे परत आले.

या साऱ्या काळात वाडी जागची हलली नाही. हद्दीची रेषा कागदावर असते. पण माणसाला कोठे पुरायचे, हेही एकेकाळी तीच ठरवत होती.

शब्दार्थ : हद्द – सीमा. उजाड – ओसाड. शव – मृत शरीर. दंतकथा – लोक सांगत आलेली गोष्ट.

स्वाध्याय
१. वाडीतील लोकांना शव एस्कडेलला का न्यावे लागे?
२. शेतातील बांध कशाचे आहेत? का?
३. तुमचे गाव कोणत्या तालुक्यात व जिल्ह्यात आहे? पूर्वीही तेच होते का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.